तुमच्यावाल्यात काय आहे?

बुधवार, संध्याकाळ. बाभुळगाव.

लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो, म्हणून आज एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची वेगवान डिस्क, घ्यायला यवतमाळला गेलतो. दुकानात दोन होते. एक नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. दुसरा स्वस्त, वर दुप्पट जागेचा, पण नाव कधी ऐकलेलं नाही. ठरेना. बाबा बियाणं घेताना दुकानदाराला हमखास विचारायचे, "तुह्या वावरात कोनतं पेरलं?" तेच विचारलं.

"महागवाला टाकला," दुकानदार म्हणाला. "माह्या लेकीचे लहानपनापासूनचे फोटू आहेत त्याच्यात. तुमच्यावाल्यात काय आहे?"

"कामाचंच आहे," म्हटलं. गेलं तर गेलं. स्वस्तवाला घेतला.

घरी येऊन फाइली उघडून बसलो. तुमच्यावाल्यात काय आहे? नऊ वर्षं टाइप केलेले अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे. सगळे लोकांचे, छापून देऊन झालेले. माझं असं काय? एक बायोडाटा सापडला, तोही कुठं न पाठवलेला. हरवलं तर हळहळ वाटेल असं काही निघालं नाही.

आणि मी दुप्पट जागा घेऊन आलोय.