डिस्कवरचा शेंदूर

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दसरा आला की आपलं भांडण पुन्हा सुरू होतं, आणि यंदाही मी माघार घेणार नाही. पिंप्राळ्यातलं आपलं गॅरेज आता मीच, तुमची लेक, चालवते. तुमचा एकच कायदा होता, गाडी कुरकुरली की तेल. चेनला, केबलला तो चालायचा. पण त्या दसऱ्याला धरणगावचे मास्तर डिस्क ब्रेकची नवी मोटरसायकल घेऊन आले. पुढच्या चाकावरची ती उघडी चकती आपल्या गॅरेजात पहिल्यांदाच येत होती. सकाळभर बसून मी ती स्पिरिटने पुसली, पॅड कोरड्या फडक्याने साफ केले, पॅड चकतीवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो तेवढ्यांनाच बोटाच्या टोकाने त्यांचं वेगळं ग्रीस लावलं. मग तुम्ही पूजेचं ताट घेऊन आलात आणि तेलात कालवलेल्या शेंदराने थेट चकतीवरच स्वस्तिक काढलंत.

मी तुमच्यादेखत ते पुसते आहे. मास्तरांची बायको लेकराला कडेवर घेऊन निघायच्या तयारीत उभी आहे. "देवनं पुसस? तू माले शिकाडस का?" तुम्ही चारचौघांत गरजता. मी म्हणते, "आबा, डिस्कले तेल नही चालस. पॅडले लागनं का ब्रेक लागस नही." "घरमा जाय. भाकरी कर." मी गेले नाही. भाकरी करता येते म्हणून ब्रेक कळत नाही, असं कुठे लिहिलंय? चकती पुन्हा स्पिरिटने पुसली, हँडलवरची ब्रेकची दांडी कडक लागेपर्यंत दाबून पाहिली, मास्तरांच्या हातातली किल्ली घेतली आणि गाडी आधी मीच चालवून आणली. कोपऱ्यापर्यंत गेले, करकचून ब्रेक दाबला, वळून परत आले. तुम्ही रस्त्याच्या मधोमध अनवाणी उभे होतात. उरलेला शेंदूर हेडलाइटला लावलात आणि आत गेलात.

"तुझं बरोबर होतं" हे तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. राग आहे मला त्याचा, अजूनही आहे. दर दसऱ्याला कुणीतरी तेलाचं बोट घेऊन चाकाशी वाकतं आणि मी त्याचा हात धरते. देव कोपायचा असेल तर माझ्यावर कोपू दे.

हे पत्र पाठवायचं कुठे, आणि पाठवून तुम्ही थोडेच कबूल करणार आहात. म्हणून एवढं मीच सांगते. त्या दिवशी ब्रेक लागेल याची मलाही खात्री नव्हती. तुम्ही ओरडायच्या ऐवजी नुसतं "नक्की का, माय?" विचारलं असतं, तर मी किल्ली तुमच्या हातात देऊन रडले असते.