ढब्बूमार्फत निरोप बंद

अहो,

ढब्बूला घेऊन ताईकडे चालले आहे. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला आजार काही नाही, घरातल्या ताणानं त्याची अन्नावरची वासना उडाली आहे. उडणार नाही तर काय! तुम्ही बापलेक एकमेकांशी बोलत नाही आणि सगळा राग त्याच्यापुढे ओकता. "ढब्बू, साहेबांना सांग, दिवे बंद करा." "ढब्बू, बाबांना सांग, मी घर सोडतोय." त्या मुक्या जिवाला वाटतं, आपल्यालाच ओरडतायत. शेपूट घालून दोन खोल्यांत येरझाऱ्या घालतो.

तुमचं बोलणं सुरू झालं की मगच आम्ही परत येऊ.

चिठ्ठी दोघांना मिळून एकच आहे. वाचून झाली की लेकाच्या हातात द्या. दाराखालून सरकवू नका.