एकवीस हजार चारशे पावलं

टू हार्बर्स, मिनेसोटा
२० ऑक्टोबर २०११

प्रिय डेल,

सोमवारी सकाळी तुझा ईमेल आला. "आई, गुरुवारी एकवीस हजार चारशे पावलं! तुझा आजवरचा विक्रम! बघ, मनावर घेतलंस की जमतं. आता हे टिकव." मी तो छापून फ्रिजवर लावलाय. कौतुकाने नव्हे. तीन दिवस जाता-येता वाचते आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते. फोन केला असता तर मला रडू फुटलं असतं, आणि तू म्हणाला असतास, "शांत हो, नंतर बोलू." ईमेल केला असता तर कुठल्याशा मीटिंगमध्ये बसून एका ओळीत उत्तर धाडलं असतंस. म्हणून कागद घेतला. हा शेवटपर्यंत वाच.

तो आयपॉड तू दिलास तेव्हा मला आवडला होता, हे आधी कबूल करते. दोन वर्षांपूर्वीचा नाताळ. तू दीड दिवसासाठी आला होतास, आणि त्यातला अर्धा दिवस माझ्या कॉम्प्युटरपुढे बसून मला शिकवत होतास. हा स्वेटरला असा अडकवायचा, हा चालताना गाणी वाजवतो आणि पावलंही मोजतो, रविवारी ही वायर जोडायची की आकडे संकेतस्थळावर मला तिकडे दिसतील. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं होतंच. तू त्यात माझ्या लग्नाच्या काळातली अकॉर्डियनची गाणी भरून ठेवली होतीस. कुठून शोधलीस देव जाणे. मी रोज दीपगृहापर्यंत जाऊन यायचे. शेजारची बर्निस तिच्या खिडकीतून ओरडायची, "आयली, पोराने लगाम घातलाय वाटतं!" मी हसायचे. तूही तिकडे सान होजेत तसाच एक लावून पळतोस, रविवारी दोघांचे आकडे शेजारी शेजारी येतात, याचं मला अप्रूप होतं. वाटायचं, पोरगा आपल्याबरोबर चालतोय.

मग आकडे घसरायला लागले आणि तू मास्तर झालास. "आई, बुधवारी नऊशेच? दिवसभर खुर्चीत होतीस का?" हो, खुर्चीत होते. दाराला टेकवलेल्या खुर्चीत. पाऊस होता असं तुला सांगितलं, पण त्या दिवशी पाऊस नव्हता. तुझ्या बाबांना कामावर जायचं होतं. सकाळपासून जेवणाचा डबा हातात घेऊन उभे, "आयली, बाजूला हो, धक्क्याला बोट लागली असेल." रिटायर होऊन अकरा वर्षं झाली त्यांना. मी त्या दारातून उठले नाही, म्हणून नऊशे. पुढच्या आठवड्यात तू मला रंगीत आलेख पाठवलास आणि खाली लिहिलंस, आळस हा वयाचा पहिला शत्रू. डेल, मी एकाहत्तर वर्षांची आहे. त्या आठवड्यात मी तुझ्या बाबांना तीनदा आंघोळ घातली, गॅसच्या शेगडीच्या चाव्या काढून लपवल्या, आणि रात्रीचं जेवण उभ्याने केलं.

तू म्हणशील, मला सांगितलं का नाहीस? तो दोष माझा. मार्चमध्ये डॉक्टरांकडून परत येताना तुझे बाबा गाडीत स्वच्छ शुद्धीवर होते. म्हणाले, "पोराला कळवायचं नाही. त्याने मला असं बघायचं नाही. शब्द दे." मी दिला. पण शब्द मी दिला होता, कान तर तुला होते ना? दर रविवारी तू त्यांच्याशी तीन मिनिटं बोलायचास. ते "मजेत, मजेत" म्हणायचे, हवामान विचारायचे, परत हवामान विचारायचे. आणि तू मला सांगायचास, "बाबांचा आवाज एकदम ठणठणीत!" माझी नऊशे पावलं तुला दोन हजार मैलांवरून दिसली, आणि बाबांनी एका फोनमध्ये चारदा हवामान विचारलं ते ऐकू आलं नाही!

आता तुझा विक्रम कसा झाला ते ऐक. गुरुवारी साडेदहाला मी तळघरात कपडे धुवायला टाकत होते. दहा मिनिटं, जास्त नाही. वर आले तर मागचं दार सताड उघडं. टोपी नव्हती, बूट जागेवर. म्हणजे सपाता घालून गेलेले. आयपॉड स्वेटरला होता, तो तसाच राहिला. माझ्या ध्यानीमनीही नव्हता.

आधी मी लोहखनिजाच्या धक्क्यावर गेले. चौतीस वर्षं त्यांनी तिथे काम केलं, दुसरीकडे कुठे जाणार? फाटकावरचा माणूस म्हणाला, "वाइनो? नाही आला, काकू." मग दीपगृह, चर्च, गळ-आमिषाचं दुकान, रेल्वेचे रूळ. रुळांवरून चालताना मी मोठमोठ्याने त्यांना हाका मारत होते आणि शिव्याही देत होते. बर्निसने पोलिसांना कळवलं आणि गाडी घेऊन माझ्या मागे आली. "बस गं आत, पडशील!" म्हणाली. मी बसले नाही. गाडीतून झुडपांच्या मागचं दिसत नाही. सरोवरावरून असला बोचरा वारा सुटला होता, आणि त्यांच्या अंगात नुसता शर्ट. काठाला जिथे जिथे खडक आहेत तिथे वाकून पाण्यात बघितलं. मी काय बघत होते ते तुला कळेल.

साडेचारला सापडले. तुझ्या शाळेच्या मैदानामागे, जिथून तुझ्या संघातली पोरं रानातल्या वाटेने पळायला जायची, तिथल्या बाकावर. ओठ निळे, सपाता चिखलात भिजलेल्या. मी ओरडणार होते. त्यांनी बाजूला सरकून मला जागा दिली आणि म्हणाले, "बाकीची पोरं आली. आपला डेल अजून आला नाही." मी स्वेटर काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. उठायला तयार होईनात. "पोर दमून येईल आणि गाडी दिसली नाही तर?" बर्निस गाडीपाशी तोंड फिरवून उभी होती. शेवटी मी सांगितलं, डेल आज बसने घरी गेला. तेव्हा उठले. वाटभर तुझ्यावर चिडलेले. "सांगायचं तरी होतं गाढवाने!"

रविवारी सवयीने वायर जोडली. आणि सोमवारी तू मला शाबासकी दिलीस.

आता मी पावलं मोजणं बंद केलंय, बर्निसच्या सुनेने करून दिलं. संकेतस्थळावर मला शोधू नकोस. गाणी ठेवली आहेत. दुपारी मी इयरफोनचं एक बोंडूक माझ्या कानात घालते, एक त्यांच्या. ते बोटांनी टेबलावर ताल धरतात, अजून चुकत नाहीत.

हे पत्र तुला नुसतं फैलावर घेण्यासाठी लिहिलेलं नाही. इथल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरात त्यांच्यासाठी खोली मिळाली आहे. काल मी सही केली. तुझी परवानगी मागत नाही, आणि त्यांना दिलेला शब्द या पत्राने मोडला, त्याचं ओझं मी वाहीन. चौदा नोव्हेंबरला, सोमवारी, त्यांना तिथे न्यायचंय. सकाळी दहाला. माझ्याबरोबर ते गाडीत बसणार नाहीत, त्यांना वाटेल मी त्यांना धक्क्यावर जाऊ देत नाहीये. फोन करू नकोस, फुलं पाठवू नकोस, ये. ते एका सोळा वर्षांच्या पोराची वाट बघताहेत, त्रेचाळीस वर्षांचा टक्कल पडलेला माणूस त्यांना ओळखू येईल की नाही, सांगता येत नाही. तरी त्यांच्यापुढे उभा राहा आणि सांग, बाबा, मी आलो, चला.

चिडलेली, तरीही तुझीच,
आई