खुशीच्या लग्नाचा कागद

अमरावती,
९ एप्रिल २०२५

सौ. सुभद्राबाई,

आरतीचा वाकून नमस्कार. आम्ही दोघी मायलेकी बऱ्या आहोत. ऊन सोडलं तर इकडे तक्रार करण्यासारखं काही नाही, आणि उन्हाची तक्रार अकोल्याच्या माणसाकडे करण्यात अर्थ नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? मोर्णेच्या पुलावरून पायी भाजीला जाणं बंद केलं की नाही? केलं नसणारच.

पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होते. पण तुमच्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि भाऊजी शेजारी खुर्चीवर असतात. भासऱ्याने भावजयीशी थेट बोलायचं नाही ही आपल्या घरची रीत. सासूबाई गेल्या, डोक्यावरचा पदर गेला, रीत तेवढी राहिली. मागच्या फोनवर काय झालं आठवा.

"तिले म्हना, हॉल भेटला."

"आरती, हे म्हनतात हॉल भेटला."

"ऐकलं, बाई."

"ते म्हनते, ऐकलं."

"मले ऐकू आलं व! मी बहिरा आहो काय?"

अशा फोनवर मनातलं बोलायचं म्हणजे ग्रामसभेत बोलण्यासारखं. म्हणून पत्र. हे एकटीनं वाचा. भाऊजी मळ्यात गेले की वाचा.

नितेश कार्डांची पेटी देऊन गेला. पाणीसुद्धा न घेता गेला, तुमचा मुलगा लाजाळूच. कार्ड फार देखणं आहे. वर मखमल, आत सोनेरी अक्षरं, दोन्ही बाजूंना हत्ती. मोठ्या माणसांसाठीची जी वेगळी कार्डं आहेत, ती उघडली की सनई वाजते. मिटली तरी वाजतच राहते. भाऊजींनी मनापासून केलंय, त्यात शंका नाही.

बाकी माझं नेहमीचं काम चालू आहे. किशोरच्या छापखान्याचं काय उरलं होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. मशीन गेलं, माणसं गेली, मागे राहिली स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटी आणि पोत्यांनी कागद. चुकलेली कार्डं, कापलेल्या कडा, आणि लग्न मोडल्यामुळे कोणी न्यायलाच न आलेले गठ्ठे. अमरावतीत किती सोयरिकी मोडतात हे माझ्याएवढं कोणाला माहीत नसेल. त्यांची मी पाकिटं करते, चिठ्ठ्यांचे पॅड करते, जाड कागद करते. मागे तुम्ही आलात तेव्हा म्हणाला होतात, "रद्दीचा कागद करून पुन्हा रद्दीच करतीन लोकं त्याची. मंग कायले पानी नासतं?" तरी जाताना दोन पॅड पिशवीत टाकून नेलेत. मी पाहिलं होतं.

आणि एक नियम तुम्हीच घालून दिलात. मी कार्ड फाडून टबात टाकायला घेतलं तर तुम्ही हात धरलात. "काहून व, गणपतीले मिक्सरमंदी घालतं काय? आंधी त्याले काढ." तेव्हापासून प्रत्येक कार्डावरचा गणपती कात्रीनं कापून आधी बाजूला ठेवते, मगच बाकीचं भिजवते. दोन दिवस भिजलं की जुन्या मिक्सरमध्ये लगदा होतो. किशोरच्या चौकटीला मच्छरदाणीची जाळी ठोकली आहे, ती लगद्याच्या पाण्यातून आडवी वर उचलायची, पाणी गळू द्यायचं आणि जुन्या चादरीवर उलटी करायची. वर दाबायला दगडी पाटा. या दिवसांत उन्हात वाळवला तर कागद पापडासारखा वाकडा होतो, म्हणून सावलीतच. सुरुवातीला शाई टिपकागदासारखी पसरायची; आता साबुदाण्याच्या पातळ खळीचा हात देते. साडीला चालते ती कागदालाही चालते.

गणपती बिस्किटांच्या डब्यात बसलेत. डबा भरत आलाय. एवढे देव एका छपराखाली गुण्यागोविंदानं राहतात, त्याअर्थी त्यांच्यात भाऊबंदकी नसावी.

आता कार्डावरचा मजकूर. तोही वाचला.

"कै. किशोर वानखडे यांची कन्या चि. सौ. कां. खुशी." निमंत्रक, श्री. शेषराव व सौ. सुभद्रा. खाली स्वागतोत्सुक मंडळी: तीन सरपंच, बाजार समितीचे दोन संचालक, आणि एक माजी आमदार, ज्यांना खुशीचं नाव सांगितलं तर खुशी ही योजना आहे की मुलगी हे विचारतील. त्याखाली चिमुकल्यांची विनंती. सगळं आहे.

मी नाही.

दोनदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. गेलेल्या माणसाचं नाव आहे आणि घरात फोडणी टाकणाऱ्या माणसाचं नाही. वाचणाऱ्याला वाटेल, किशोरनं एकट्यानंच मुलगी जन्माला घातली आणि तिला दहावीत सोडून गेला, पुढे ती आपोआप मोठी झाली, कुंडीतल्या तुळशीसारखी.

बाई, मला कारण माहीत आहे. तुम्ही ते फोनवर दबक्या आवाजात सांगितलंत. "विधवेचं नाव शुभकार्याच्या कार्डावर वर नसते, असं हे म्हनतात. कन्यादानाले आमी दोघं बसू. तू काय मनाले लावून घेऊ नको." मनाला मी लावून घेतलं नाही. मनाला लावून घ्यायला वेळ लागतो, आणि लग्न तोंडावर आलंय.

खुशीनं कार्ड पाहिलं. ती ओरडली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाली, "काकांना लग्न लावायची एवढी हौस असेल तर नितेशदादाचं लावू दे ना. त्याला पोरगी मिळत नाही, तिथे लावा जोर." नितेशला सांगू नका.

मग मी वलगावला गेले, अनुपच्या घरी. म्हटलं, व्याह्यांचं मन आधी पाहावं. अनुपच्या आई पार्वताबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी घाबरत घाबरत विचारलं, कार्डावर निमंत्रक म्हणून माझं नाव असलं, कन्यादानाला मी बसले, तर तुम्हाला वावगं वाटेल का? त्यांनी सूप थांबवलंही नाही. म्हणाल्या, "पोरगी तुमची, त नाव कोनाचं राहीन? तहसीलदाराचं?" अनुप नांदगाव पेठेतल्या कापडाच्या गिरणीतून तेवढ्यात आला, तो हसला. आमच्या गल्लीतले गुरुजी म्हणाले, आई बसू शकते. आडकाठी अशी कुठेच नाही, बाई. ती फक्त तुमच्या बैठकीच्या खोलीत, खुर्चीवर बसली आहे.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

हा कागद हातात घेऊन उजेडात धरा. यात सोनेरी ठिपके दिसतील. खालच्या कोपऱ्यात एक निळा धागा आहे, तो मखमलीचा. आणि डाव्या बाजूला, मध्यावर, नीट पाहिलंत तर एक अक्षर अख्खं राहिलंय: "शे".

हो. पेटीतली सगळी कार्डं मी भिजवली.

आधी गणपती काढले, तुमचा नियम मोडला नाही. मग गरम पाण्यात घातली. वरचं चकचकीत प्लास्टिक दुधावरच्या सायीसारखं सुटून आलं, ते वेगळं केलं. आत कागद चांगला निघाला, पांढरा, साधा. भाऊजीही तसेच आहेत, वरची चकाकी काढायला फक्त कढत पाणी लागतं. सनईची कार्डं वेगळी काढून त्यांची यंत्रं उपटली, पण एक नजरेतून सुटलं. ते टबाच्या तळाशी जाऊनही वाजत होतं. खुशी आणि मी हसून हसून जमिनीवर बसलो. किशोर गेल्यानंतर या घरात इतकं हसणं झालं नव्हतं.

रागानं केलं नाही. राग असता तर चुलीत घातली असती. खुशीच्या लग्नाचंच कार्ड याच कागदावर होईल. कागद भाऊजींचा, मजकूर माझा. किशोरच्या चौकटीनं मीच छापणार आहे. पहिलं कार्ड अंबादेवीपुढे मी स्वतः ठेवीन. देवीनं मला कधी विचारलं नाही, तू सौभाग्यवती आहेस का. तिथे रांगेत सगळ्यांना सारखंच ढकलतात.

भाऊजी चिडतील. येणार नाही म्हणतील. ती किंमत मी मनात धरली आहे. तुम्ही आला नाहीत तर, ती किंमत मात्र धरता येत नाही, म्हणून हे पत्र.

किशोर गेला तेव्हा सगळे तेराव्याला जेवून गाडीत बसले. तुम्ही भाऊजींना सांगितलंत, "तुमी जा, मी नाई येत." आणि पोळ्या लाटायला बसलात. मी ताटात हात धुतला तर पुन्हा वाढलंत. "जेव. पोरीले माय लागते, फोटो नाई." तेव्हा आईला आई म्हणणाऱ्या तुम्हीच होतात. आता कार्डावरच्या आईला नाही म्हणू नका.

अकोल्यात वाटायची कार्डं तुमच्याकडे आहेत. ती मी मागत नाही. वाटायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. एका लग्नाची दोन कार्डं फिरली तर लोकांना वर्षभर विषय होईल, होऊ दे. मी कन्यादानाला बसेन तिथे माझ्या शेजारी तुमचा पाट असेल. आलात तर तुम्ही बसाल. नाही आलात तर तो रिकामा राहील, पण त्यावर दुसऱ्या कोणाला बसवणार नाही आणि उचलणारही नाही.

गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची,
आरती


अमरावती,
२१ एप्रिल २०२५

बाई,

नमस्कार नंतर करते, आधी पोत्याचं सांगते.

नितेश चार दिवसांपूर्वी येऊन तुरीचं पोतं दारात टेकवून गेला. या वेळी पाणी प्यायला. मला वाटलं, तुमच्या सवयीनं वर्षाची डाळ धाडली. सुतळी सोडली तर आत कार्डं. अकोल्याची, सगळीच्या सगळी. एक उचललं, तर समोरच्या बाजूला भोक. दुसरं उचललं, त्यालाही भोक. खुशीनं अर्धं पोतं चटईवर ओतलं. प्रत्येक कार्डावर, जिथे गणपती असतो तिथे, गोल भोक आणि त्यातून आतली सोनेरी अक्षरं दिसत होती.

तळाशी तुमचा पानाचा डबा. त्यात गणपती, एकावर एक रचलेले, वरच्याला हळदकुंकू.

मी डबा मांडीवर घेऊन चटईवर बसले. खुशी म्हणाली, "आई, रडू नको, कार्डं ओली होतील." मग म्हणाली, "तसं पण भिजवायचीच आहेत म्हणा."

सोबत तुमची चिठ्ठी, कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली; ती मात्र भिजवणार नाही. तुमचं अक्षर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं तुमच्या हातचं खाल्लं, हातचं लिहिलेलं कधी वाचलं नव्हतं. खुशीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली, तुमच्याच आवाजात:

"आरती, कातरीनं अंगठा सोलून निंगाला. हे इचारत होते, काय करून राह्यली. म्या म्हनलं, तुमच्या कार्डाले भोकं पाडून राह्यली, आरतीले पाठवाची हायेत. दोन दिवस बोलले नाई. जेवले मात्र दोनी टाईम. तिसऱ्या दिवशी माह्या मांगं येऊन उभे राह्यले आन् म्हनते, सरळ काप व, सोंड तुटून राह्यली. हे येतीन का नाई, मले नाई माहीत. इचारलं बी नाई. मी दोन दिवस आंधी येऊन राह्यली. पाट उचलू नको. आन् कार्डावर माहं नाव टाकशीन त नुसतं टाक. आजलोक सगळ्या कार्डावर ह्यांच्या मांगंच छापलं. एकडाव पाहू दे, एकटं कसं दिसते."

बाई, सोंडा खरंच काही तुटल्या आहेत, पण शेवटची गड्डी फार सुबक कापलेली आहे. ती कोणाच्या हातची हे मी विचारत नाही. आपल्या घरात थेट बोलायची रीत नाही.

अकोल्याची कार्डंही टबात गेली. कागद पुरून उरेल. प्रत्येक नव्या कार्डावर त्या डब्यातला एकेक गणपती चिकटवतेय, तुटक्या सोंडेचेसुद्धा. ते आपल्या घरच्यांना देऊ. स्वागतोत्सुक मंडळीत माजी आमदार नाहीत, सरपंच नाहीत. पहिलं नाव श्री. शेषराव वानखडे. येणं न येणं त्यांचं, छापणं माझं. पंगतीत वाढपी कमी पडले तर कोण ओरडणार, हे त्यांनाही माहीत आहे.

आज सकाळी पहिलं कार्ड अंबादेवीपुढे ठेवून आले. पुजाऱ्यानं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, म्हणाला, कागद जाड आहे. मी म्हटलं, हो, दोन्ही घरचा आहे.

दुसरं कार्ड या पाकिटात आहे. अक्षरं मुद्दाम मोठी छापली आहेत, तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता यावीत म्हणून. तुमच्या नावाची ओळ बोटानं चाचपून पाहा, शाई किंचित वर आली आहे.

यावं, ही आग्रहाची विनंती.

निमंत्रक
आरती वानखडे
सुभद्रा वानखडे