ओटीचा राणीछाप रुपया

वाशी,
२० नोव्हेंबर १९८५

ती. बायजाआत्या हिला गोजराचा नमस्कार. मालतीबाई, वाचून दाखवण्याचा त्रास पुन्हा तुम्हालाच. शाळा सुटल्यावर वाचा, सावकाश.

आत्या, मी बरी आहे. तू दिलेली सुकट अजून पुरते आहे. काशीच्या लग्नाला मी आधीच येईन.

या खेपेला नाण्यांच्या मासिकाचा अंक पाठवत नाही. टपालाचा काही भरवसा नाही.

टपाल ठीक आहे गं. अंकात माझा लेखच नाही.

ओटीचा रुपया तू विश्वासाने दिलास, म्हणून मी त्याच्यावर लिहिलं. संपादक रावसाहेब फार जाणते. माझं एकेक वाक्य पेन्सिलीने सरळ करून त्यांनीच मला लिहायला शिकवलं. रुपयावर भिंग धरून ते म्हणाले, "अरेरे! राणीचं नाकसुद्धा उरलं नाही. कोणी घासला हा?"

जुनं नाणं धुवायचं नाही, हा संग्राहकांचा पहिला नियम. गेल्या लेखात मीच तो लिहिला होता. मालतीबाईंनी तो धक्क्यावर वाचला, तेव्हा तू सगळ्या बायांसमोर हसून म्हणालीस म्हणे, "गो पोरी, कालाकुट रुपया नवरीचे ओटीन टाकाचा काय?"

या वेळी छापायला जायचा मजकूर पाहिला. रुपयाच्या फोटोखाली रावसाहेबांनी ओळ घातली होती: 'अडाणी हातांनी घासून वाया घालवलेले नाणे.'

मालतीबाई, थांबू नका. वाचा तिला.

मी त्यांच्याकडे गेले. जिना चढताना दोनदा परत फिरावंसं वाटलं.

"सर, नियम राहू द्या. 'अडाणी' काढा."

"अगं, तुझ्या आत्याचं नाव कुठे आहे त्यात? कोणाला कळणार?"

"माझे लेख धक्क्यावर मोठ्याने वाचतात, सर. तिला कळेल."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "वाचकांना नियम ठसला पाहिजे. ओळ राहील."

मी लेख परत मागितला. ते रागावले नाहीत; रुपया त्यांनी स्वतः कापसात गुंडाळून दिला. "पुढचा लेख आणशील ना?" म्हणाले. मी नमस्कार करून जिना उतरले.

मुखपृष्ठावर पहिल्यांदाच माझं नाव येणार होतं. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मग रुपया हातात घेऊन बसले. आजीच्या ओटीत, तुझ्या ओटीत, माझ्या आईच्या ओटीत हाच होता. तुला कळायला लागल्यापासून दर लग्नाआधी तू तो चिंच लावून घासलास, नवरीला नवाकोरा वाटावा म्हणून. राणीचं नाक गेलं ते तिथे. हे सगळं मी कागदावर लिहून काढलंय. धक्क्यावर मीच वाचून दाखवीन.

काशीच्या ओटीसाठी रुपया घेऊन येते. भिंगाखाली ठेवायचा म्हणून इतके दिवस पुसलासुद्धा नाही, काळा पडलाय. चिंच भिजत घाल.

तूच घासूनपुसून शाळेत धाडलेली,
गोजरा