तळापासून मीटरभर वर

तळ्याकाठचा तंबू, ३ जुलै २०२४

ती. समताताईस,
मंजुश्रीचा सा. न. वि. वि.

ध्रुवाकडच्या या तळ्यावर फोन लागत नाही. दर बुधवारी हेलिकॉप्टर पत्रं नेते. तिथल्या गावातली बाई पत्राचा फोटो काढून तुले फोनवर पाठवेल. तूही तसंच पाठव.

ताई, इथं सूर्य मावळतच नाही. पाणी इतकं नितळ, की आठ मीटर खालचा गोटा दिसते. पण ज्या मोजायले आले, त्या पाणपिसवा, पाण्यातले टिचभर किडे, सापडूनच नाही राह्यल्या! जाळीत गाळ नको म्हणून मी ती तळापासून मीटरभर वर थांबवते, तिथून ओढते. बाटलीत दोन-चार, बस. आमच्या तुकडीच्या मॅडम म्हणतात, मोजायलेच चुकतेस. जाळी धरायले मले तूच शिकवलं. काय चुकते, सांग ना. आईची कंबर कशी आहे?

लोभ आहेच, तो वाढव.
मंजू

मु. बीबी, २१ ऑगस्ट

चि. मंजूस आशीर्वाद.

आई काठी घेऊन अंगणात फिरते अन् शेजारणींले तुझे फोटो दाखवते. तिथल्या कामाले निवड आधी माझी झाली होती, हे तिले आठवतही नाही. ती पडली, मी राह्यले. पुढल्या साली त्याच जागेवर तू गेलीस.

जुलैत 'मले नाही समजत' असं लिहिलं, ते खोटं होतं. पत्र वाचताच समजलं होतं. आपल्या शेततळ्यात चैत्राच्या उन्हात वरच्या पाण्यात एक पिसू नव्हती. जाळी गाळाले टेकली, तवा निघाल्या. तुमच्याकडं तर ऊन चोवीस तास, अन् नितळ पाण्यात ते खोल पोचते. उन्हाले टाळून तू सोडलेल्या त्या मीटरातच बसल्या असतील.

वाटलं, रडू दे थोडी. एकदा खरं लिहिलं अन् फाडलं. जळत होते मी, मंजू.

लोभ ठेव, असं म्हणायले तोंड नाही.
समता

तळ्याकाठचा तंबू, ११ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तवा काठाले बर्फाची साय धरली होती. दोनच दिवस मिळाले. जाळी तळाले टेकवली; बाटली पिसवांनी काळी झाली! पण अख्ख्या उन्हाळ्याचा तक्ता दोन दिवसांत भरत नाही. या सालचं काम बुडालं. तुले मोठ्यानं शिव्या दिल्या. इथं मराठी कोणाले समजते?

मॅडमनं विचारलं, हे कोणी सुचवलं. तुझं नाव लपवायचं मनात होतं. मलेही जळता येते, ताई. पण सांगितलं. पुढल्या जूनमध्ये त्यांले आपण दोघी पाहिजेत. आईजवळ राहायले पुष्पांजलीमावशी तयार आहे, मी विचारलं.

माफ केलं असं समजू नको. भांडायचं खूप आहे अन् कागद पुरत नाही. म्हणून ये.

रागावलेली,
मंजू