रिकाम्या गादीची परवानगी

अप्पा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय. आधी आई गेली, मग तुम्ही. त्यालाही आता चाळीस वर्षं होतील. राजे राहिले नाहीत. आम्ही रांगेत उभं राहून मतं टाकतो आणि निवडून दिलेल्याला चौकात शिव्याही घालतो. तुम्हाला हे पटलंच नसतं. आपले महाराज, महास्वामी, उटीला गेलेले असले तरी राजवाड्याच्या आवारात तुमच्या पायात कधी चप्पल नसायची.

दसऱ्यात कोठारातून सुटे भाग आणून सिंहासन जोडायचे, आणि ते उभं राहिलं की त्याच्यासमोर दिवसभर तुमचा पहारा. महास्वामी बसलेले असोत-नसोत, समोरून जाणारा प्रत्येकजण वाकून मुजरा करायचा. मी कचेरीतला कारकून, दोन बुकं इंग्रजी शिकलेला. मला हसू यायचं. "खुर्चीला कसला मुजरा, अप्पा?" असं एकदा जेवताना म्हणालो, तर तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "माणसं येतात, जातात. गादीवर कुणीतरी असतंच." आई वैतागली, "जेवू दे की रे त्यांना, काय ते तुझं!"

त्याच वर्षी सातव्या माळेला, भर दुपारी, तापाने खंगलेल्या आईला धाप लागली. वैद्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वडिलांना बोलवा. ती एकच विचारत होती, "आले का रे?" मी धावत सुटलो. तुमचा जमादार भला माणूस. "होगप्पा, होगू," म्हणाला, जा बाबा जा, आणि तुमचा भाला काढून दुसऱ्याच्या हातात दिलासुद्धा. आणि तुम्ही म्हणता, "विचारून येतो." कुणाला विचारणार? महास्वामी आत महालात विश्रांती घेतायत. तुम्ही त्या मोकळ्या सिंहासनाकडे वळता, तीनदा वाकता. "घरात बायको अत्यवस्थ आहे. जाऊ का?"

आमच्याशिवाय दरबारात चिटपाखरू नाही. वरच्या छत्रीची झालर वाऱ्याने हलत होती, तीही थांबली. तुम्ही मान खाली घालून उभे, समोर कुणी बोलत असलं की माणूस ऐकतो तसे. मध्येच "जी" म्हणालात. मग वळलात तेव्हा तुमचा चेहरा पांढराफटक पडलेला. "नको म्हणतायत." एवढंच बोलून तुम्ही भाला परत घेतलात. जमादारही दोन पावलं मागे सरला.

घरी येऊन मी आईला खोटंच सांगितलं, निघालेत, पोचतीलच. तिने दाराकडे कूस वळवली आणि तशीच गेली. तुम्ही संध्याकाळी पहारा संपवून आलात. तिच्या उशाशी बसलात, रडलाही नाहीत. त्या दिवसापासून मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो.

पुढे मी सगळ्यांना हेच सांगत आलो, बायकोला, मुलांना, आता नातवंडांना, की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं, राजाच्या खुळापायी आईला शेवटचं भेटला नाही. गेलं ते राजेपण, बरं झालं! सगळे माना डोलावतात. पण मी तेव्हा तरणाताठा गडी होतो, जमादार माझ्या बाजूचा होता, तुम्हाला दंडाला धरून ओढत आणता आलं असतं. का आणलं नाही, हे कुणी कधी विचारलं नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहितो. अप्पा, ते 'नको' मलाही ऐकू आलं होतं. आणि निघताना मी वाकून मुजरा केला होता.